मॉनिटरचा उजेड आधी आवरा
रावेरच्या केळीबागेतले तुमचे फोटो मॉनिटरवर उजळ आणि छापल्यावर काळपट दिसतात, यात दोष बहुधा छपाईवाल्याचा नसून वाढवून ठेवलेल्या ब्राइटनेसचा असतो. जळगावचे वैशाखातले ऊन खोलीत येत असेल, तर आपण नकळत मॉनिटर अधिक उजळ करतो आणि मग फोटो गरजेपेक्षा गडद करून बसतो. म्हणून खिडकीला जाड पडदा लावून खोलीत मंद, दिवसभर सारखाच राहणारा उजेड ठेवा आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरपर्यंत (हे मॉनिटरच्या उजेडाचे एकक) उतरवा. व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढऱ्या रंगाची छटा, ६५०० केल्विन आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, २.२ पुरेसा आहे. मॉनिटरचे रंग पिवळसर करणारी नाइट लाइट ही सोय मात्र बंदच हवी, अन्यथा केळीची हिरवी पाने पिवळट भासतात. शक्य झाल्यास कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचे रंग आणि उजेड मोजून जुळवणारे उपकरण, उसना आणा. नुसत्या डोळ्यांवर मी स्वतःही आता विसंबत नाही.