आधी चुका करायला शिकू या

“मॅडम, काहीतरी भलतंच दाबलं जाईल आणि सगळं जाईल.”

हे वाक्य मी निवृत्त मुख्याध्यापिकेकडून ऐकलंय, सोसायटीच्या माजी चेअरमनकडून ऐकलंय आणि नवरा गेल्यावर लाइटबिल भरायची पहिल्यांदाच वेळ आलेल्या बायकांकडून तर कितीतरी वेळा. इंटरनेट शिकवा म्हणून समुपदेशकाकडे कुणी येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून, घरात खटके उडतात म्हणून. बोलता बोलता खिशातून फोन निघतो आणि मग खरा विषय सुरू होतो. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, या वयात हे जमेल का?

पाटणकर काकांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम साताऱ्यात. पुण्याच्या मुलीने नवा फोन घेऊन दिला आणि त्यावरून बापलेकीत अबोला झाला.

“फोन कशाला वापरता काका?”

“आला तर घेतो.”

“आणि नेट?”

“ते आमच्यासाठी नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“मुलगी. म्हणजे तोंडाने नाही म्हणत. ‘बाबा, आणा इकडे’ म्हणते आणि हातातून घेते.”

मी त्यांना फोन उघडून दाखवायला सांगितलं. काकांनी बोट शर्टाला पुसलं आणि शिक्का उठवावा तसं चित्रावर दाबून धरलं. साहजिकच चित्र उघडलं नाही, भलतीच यादी समोर आली. त्यांनी झटक्यात हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. नवशिक्याचं बोट जास्त वेळ टेकतं आणि फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. शिवाय उतारवयात कातडी कोरडी पडते, त्यामुळे कधी स्पर्शच लागत नाही. यात बुद्धीचा काही संबंध नाही. टिचकी मारून लगेच बोट उचलायचं, एवढंच. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ‘सोप्पंय हो’ एवढंच सगळे सांगत होते.

काका बँकेत कॅशियर होते. तिथली गोष्ट काढल्यावर गडी खुलला.

“संध्याकाळी रोकड जुळली नाही तर?”

“कमी पडेल ते खिशातून भरायचं. आणि सगळ्या शाखेला कळायचं.”

“तुम्हाला किती वेळा भरावं लागलं?”

“एकदाही नाही.” हे सांगताना ते खुर्चीत ताठ बसले.

“मग व्हीआरएस का घेतलीत?”

ते बराच वेळ गप्प राहिले. २०००-०१ साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती. घर बांधायचं होतं, आई आजारी होती, अशी कारणं त्यांनी आधी दिली. मग म्हणाले, “कॉम्प्युटर आले होते हो. कालची पोरं शेजारी बसणार आणि मी चुकताना बघणार.”

माझ्या लेखी गाठ इथे सुटली. पंचवीस वर्षं हा माणूस यंत्राला घाबरत नव्हताच. ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये, आणि झाली तर ती कुणाला दिसता कामा नये’ हा त्यांचा स्वतःवरचा हुकूम होता. चूक होऊ नये असं वाटणं रास्त आहे. होताच कामा नये हा हट्ट मात्र माणसाला जागच्या जागी बसवतो. ज्यांनी उभी हयात चोख काम केलं, तेच फोनपुढे जास्त अडखळतात असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. कि. मो. फडके यांनी आपल्या पुस्तकांतून एलिस मराठी वाचकांच्या घरात आणले, माझीही सुरुवात तिथूनच. हे एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात बाकांवर बसलेल्या शंभरएक स्त्रियांशी ठरवून गप्पा मारल्या. भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण नकाराने आपण मरत नाही हे त्यांना कळलं आणि भीती गेली. हा किस्सा काकांना सांगितल्यावर ते प्रथमच मोकळे हसले.

मग मी गृहपाठ दिला, रोज तीन चुका करायच्या.

“चुका करायला फी भरतोय का मी?”

“हो. आणि त्या वहीत लिहायच्या. काय दाबलं, काय झालं, परत कसे आलात.”

पुढच्या वेळी वही आली ती खतावणीसारखी, फूटपट्टीने रकाने आखलेली. ‘अक्षरे मोठी झाली. सेटिंगमध्ये जाऊन लहान केली.’ ‘कॅमेरा लागला, स्वतःचे तोंड दिसले. मागे आलो.’ ‘विमानाचे चित्र दाबले, फोन लागेना. पुन्हा दाबले, लागला.’ तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी काही ना काही लिहिलेलं होतं. मी त्यांना तो रकाना मोठ्याने वाचायला लावला. वाचता वाचता ते थांबले आणि म्हणाले, “म्हणजे सगळीकडून परत येता येतं की!”

हे वाक्य मी तोंडात घातलं असतं तर ते तिथेच विरून गेलं असतं. ते त्यांच्या वहीतून निघालं, म्हणून टिकलं. समुपदेशनात मला आनंद होतो तो अशा वेळी.

अर्थात सगळीकडून परत येता येत नाही, आणि ‘काही होत नाही हो’ असं सांगणारे मला पटत नाहीत. काकांच्या भीतीतला खरा भाग मी वेगळा काढून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायला लावला. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कुणालाही सांगायचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, तेव्हा ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा चोर. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनवर नवं ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. कुणाच्या सांगण्यावरून आपली स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही, व्हिडिओवर पोलीस दिसला की फोन ठेवून द्यायचा. आणि एवढं करून पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावायचा. इथे वेळेला किंमत असते. लाजेपायी रात्र काढलेली माणसं मी पाहिली आहेत. एवढ्या गोष्टी सांभाळल्या की बाकी मैदान मोकळं.

पहिला धडा बँकेचा ठेवू नका, असं मी मुलांना कळकळीने सांगते. पैशाच्या जागी हात थरथरणारच. ज्याची माणसाला आपली आपली ओढ आहे तिथून सुरुवात करा. काकांची ओढ होती कोयना धरण! पावसाळ्यात आमच्याकडे अर्धा जिल्हा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत बोलतो. टंकायची कटकट नको म्हणून मी त्यांना माइकचं चित्र दाखवलं. काका फोनला तोंड लावून, पलीकडच्या गावाला हाक मारावी तसे ओरडले, “कोयना धरणात आज किती पाणी आहे?” उत्तर आलं. लगेच त्यांनी पेपरातला आकडा पडताळला. जुळेना. चेहरा पडला. मग तारीख पाहिली आणि डोळे चमकले, “पेपरातला कालचा आहे!” त्या दिवसापासून १०५.२५ टीएमसीचं धरण किती भरलं याचा हिशोब ते ठेवतात आणि कट्ट्यावरच्या मंडळींना पेपर यायच्या आधी आकडा सांगतात.

मुलीशी मी वेगळं बोलले. तिला दोनच गोष्टी सांगितल्या. बाबांचा फोन हातात घ्यायचा नाही, त्यांचंच बोट चालू द्यायचं, मग दहापट वेळ लागला तरी चालेल. आणि ‘मागच्या वेळी सांगितलं होतं ना’ हे वाक्य बंद. तिने विचारलं, “पण मला घाई असते तेव्हा?” घाई असेल तेव्हा शिकवूच नये. ‘रविवारी बघू’ म्हणावं आणि रविवारी खरंच बसावं. आईवडिलांनी आपल्याला चमच्याने जेवायला शिकवताना किती सांडू दिलं, याची आठवण मी तिला मुद्दाम करून दिली नाही. ते ऐकून मुलं ओशाळतात, शिकवायला बसत नाहीत.

नोव्हेंबरात काकांनी हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून दिला. आधी उजेड कमी पडला, चेहरा ओळखेना. खिडकीपाशी गेल्यावर झालं. तरी दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन, दाखला पोचला का, हे त्यांनी विचारलंच. मुलगी वैतागली, “मग केलं कशाला?” मी तिला म्हटलं, जाऊ दे त्यांना. नेट आलं म्हणून बँकेत जाणं सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. तिथे ओळखीचं कुणीतरी भेटतं, चहा होतो. आता ते रांगेत उभे राहत नाहीत, एवढाच काय तो फरक.