जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधात पोस्टर करायचंय. कवटी आणि धूर सोडून काय काढता येईल? सौरऊर्जाही दाखवायची आहे.

कवटी सोडताय, म्हणजे निम्मं काम झालं. मी बडोद्यात स्क्रीन प्रिंटिंग करतो. पर्यावरण दिन जवळ आला की कॉलेजची मुलं चित्रं घेऊन येतात आणि त्यांत ठरलेली मंडळी हजर असतात: अणुस्फोटाचा ढग, कवटी, तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह. ढग बॉम्बचा असतो, अणुभट्टीचा नव्हे. एवढं कळणारा माणूस तिथेच तुमच्यावरचा विश्वास सोडतो. तीन पाती तर अनेकांना ओळखूच येत नाहीत. म्हणून तर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला कवटी आणि पळणारा माणूस असलेलं लाल त्रिकोणाचं जादा चिन्ह आणावं लागलं.

आता धूर. चित्रांत धूर सोडताना दाखवतात ते रुंद मनोरे पाणी थंड करण्यासाठी असतात आणि त्यांतून वाफ निघते. जैतापूरची योजना तर अशा मनोऱ्यांवर नाही, समुद्राच्या पाण्यावर आहे. सहा अणुभट्ट्या, मूळ आराखड्यात ९९०० मेगावॅट, आणि भट्ट्या थंड करून गरम झालेलं पाणी परत समुद्रात. जवळच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांचं मुख्य दुखणं हेच होतं. मग चित्रात मनोरा कशाला? मासळी काढा, होडी काढा. राजापूरच्या बाजारात पोस्टर लावलंत तर कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

या विषयातलं सगळ्यात यशस्वी चित्र १९७५ चं आहे, डेन्मार्कचं. आने लुंड नावाच्या विद्यार्थिनीने आरहूस शहरात ते काढलं: पिवळ्या गोलात हसणारा लाल सूर्य आणि भोवती ‘अणुवीज? नको, आभारी आहे’ अशा अर्थाचे शब्द. मूठ नाही, रक्त नाही. पाहुण्याने दुसऱ्या वाढीला नम्रपणे नाही म्हणावं, तसा सूर. मला त्याची खरी करामत वेगळीच वाटते: तुम्ही ज्या दोन गोष्टी मांडायच्या म्हणताय, त्या एकाच चित्रात आल्या आहेत. नकार शब्दांत आहे आणि पर्याय, म्हणजे सूर्य, चित्रात. शिवाय ते बिल्ल्यावर मावतं. जगभरच्या गटांनी आपापल्या भाषेत ते छापून विकलं, त्यातून चळवळीला पैसाही मिळाला.

त्याने फरक पडला का? डेन्मार्कच्या संसदेने १९८५ मध्ये अणुवीज आपल्या नियोजनातून काढून टाकलं. श्रेय एकट्या सूर्याला देणार नाही. त्यामागे घरोघरी जाऊन माहिती देणारे लोक होते. आपल्याकडे बहुतेक वेळा पोस्टर आधी होतं आणि माहिती राहूनच जाते.

एक मोह मात्र आवरा. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, आणि बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला आमच्या गुजरातेत काकरापारच्या अणुवीज केंद्रातल्या एका भट्टीत जड पाण्याची (भट्टीत वापरतात त्या खास पाण्याची) गळती झाली. एक तारीख, दोन चित्रं शेजारी शेजारी, पोस्टर तयार! पण दोन्ही घटनांची तीव्रता एक नव्हती. गळतीनंतर भट्टी बंद केली गेली. फुकुशिमासारखा हाहाकार झाला नाही. विरोध करायला खरी कारणं पुरेशी आहेत, ओढूनताणून आणलेलं एक कारण बाकीची बुडवतं.

सौरऊर्जेच्या बाजूला हिरवं पान, पवनचक्की, निळं पॅनेल असला त्रिकूट नको. असली चित्रं अणुऊर्जावालेही वापरतात. काहीतरी प्रत्यक्ष दाखवा. आमच्याकडे नर्मदेच्या कालव्यावर पॅनेलांचं छप्पर आहे, १० मेगावॅटचं, २०१५ मध्ये सुरू झालं. वेगळी जमीन लागत नाही, खालचं पाणीही कमी उडतं. जैतापूरसारख्या, जमिनीवरून पेटलेल्या वादात हे चित्र बोलतं. फक्त मेगावॅटची तुलना पोस्टरवर करू नका. ९९०० पुढे १० ठेवलेत तर समोरचा हसेल, आणि रात्री काय करणार हेही विचारेल. त्याचं उत्तर पत्रकात द्या.

छपाईचं म्हणाल तर दोन रंगांच्या वर जाऊ नका. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, तिसऱ्या रंगाला खर्चही वाढतो आणि रंग एकमेकांवर नीट बसवायची कटकटही. फ्लेक्स स्वस्त पडेल, पण प्लास्टिकवर पर्यावरण छापू नका, आणि खाली पदाधिकाऱ्यांचे फोटो तर अजिबात नकोत. कागद जाड घ्या, कोकणातल्या हवेत पातळ कागद लगेच लोंबतो.