गिट्टीला हात लावू नका

प्रश्न : आमच्या वस्तीमागं नागपूर–नागभीड नॅरोगेजचा जुना भराव आहे. ब्रॉडगेजची लाइन थोडी बाजूनं गेल्यामुळं एक किलोमीटरचा तुकडा उरलाय. रूळ-स्लीपर उचलले, रुळाखालची गिट्टी तशीच आहे. तिथं चालायला आणि सायकलला रस्ता करायचाय. गिट्टी काढून सिमेंट टाकावं का?
— एक वाचक, उमरेड रोड

उत्तर : सिमेंट नको, आणि गिट्टी तर मुळीच काढू नका. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावरचं पातळ काँक्रीट लवकरच तडकतं. गिट्टी पाणी बाजूला सोडते. तयार पाया मिळालाय, तो ठेवा.

आधी कागद. गाडी 2019 मध्ये बंद झाली तरी जमीन रेल्वेचीच आहे. विनापरवानगी शिरणं हा रेल्वे कायदा 1989च्या कलम 147 खाली गुन्हा ठरतो. ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा ठराव जोडून डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयात अर्ज द्या. त्यात गिट्टी जागेवर राहू देण्याची मागणी वेगळी लिहा. तीही रेल्वेची मालमत्ता आहे, ती उचलायला टिप्पर लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

मग भरावाखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या. गाळ, बेशरमाची झुडपं उपसून पाणी आरपार जातंय का ते पावसाळ्यापूर्वी बघा. मोरी तुंबली की भरावाच्या एका अंगाला तळं साचतं, आणि भराव तिथंच खचतो.

गिट्टी सपाट करून रोलर फिरवा. तिच्यावर थेट चुरी (दगडाचा बारीक चुरा) टाकण्याची चूक बहुतेक जण करतात. मोठ्या गिट्टीच्या फटींतून चुरी पहिल्याच पावसात खाली उतरते आणि वर पुन्हा दगड उघडे पडतात. म्हणून मध्ये बारीक-जाड मिसळलेल्या खडीचा 10 सेंटीमीटर थर हवा. 3 मीटर रुंदीला किलोमीटरमागं दाबून 106 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागते, म्हणजे सैल माल 130 ब्रासच्या पुढं मागवा. वर 5 सेंटीमीटर क्रशरची चुरी, सैल 65 ब्रासच्या आसपास. नदीची रेती चालणार नाही, ती बांधून येत नाही. चुरी इतकीच ओली करा की मुठीत गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. मधला भाग कडेपेक्षा 3 सेंटीमीटर उंच ठेवा.

भरावाचा माथा अरुंद असेल तर रस्ता अडीच मीटरचा करा. उतारावर नुसती माती ओतून रुंदी वाढवली तर ती पावसात घसरते. वाढवायचीच असेल तर उतारात पायऱ्या कापून थराथरानं दाबत चढावं लागतं.

प्रश्न : दुचाकीवाले शॉर्टकट मारतील, त्यांना कसं अडवायचं? आणि जुने लाकडी स्लीपर पडलेत, त्यांचे बाक करता येतील?

उत्तर : दीड मीटर अंतरावर खांब रोवले की कार आणि ट्रॅक्टर थांबतात, दुचाकी नाही. तिला अडवेल इतकी चिंचोळी फट व्हीलचेअरलाही अडवते. म्हणून वाट मोकळी ठेवा आणि पोलिसांशी बोला. मधला खांब कुलपाचा घ्या, रुग्णवाहिकेसाठी काढता येतो.

स्लीपरचे बाक नकोत. त्यांत क्रियोसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, मुरवलेलं असतं. उन्हात ते पाझरतं, कातडीला बाधतं. जाळायचे तर अजिबात नाहीत.