फर्स्ट क्लास लायसनवाल्याने बांधलेला स्विमिंग पूल गळतोय, दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : ताई नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालोय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, नातीला पण पोहायची आवड, म्हणून घरामागे ८ मीटर बाय ४ मीटरचा स्विमिंग पूल बांधून घेतला. ११ लाखाला ठरलं, ९ लाख २० हजार दिले, त्यातले ७ लाख बँकेतून आणि बाकी रोख. ठेकेदार पीडब्ल्यूडीचा फर्स्ट क्लास लायसनवाला, बोर्डावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्या भरवशावरच काम दिलं. मागच्या दिवाळीत पूल भरला आणि महिन्याभरात पाणी उतरायला लागलं, आता रोज चार बोटं कमी होतंय, खोल बाजूच्या टाइल्स फुगून सुटायल्यात, आणि पाण्यातला लाइट लावला की शिडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतंय. फोन केला की म्हणतो जमीन बसली, माझा काय दोष, आधी राहिलेले पैसे द्या. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो, तो म्हणतो काका, लायसन बोर्डाकडे तक्रार करा, त्याचं लायसनच जाईल. खरं इथं ते बोर्ड कुठं आहे हेच कळेना. पूल रिकामा करून बघू का, की सरळ फोडून दुसऱ्याकडून करून घेऊ?

उत्तर : सुभेदारसाहेब, बाकी सगळं नंतर, आधी तो लाइट. हे वाचून झालं की उठा आणि पुलाच्या लाइटचा एमसीबी खाली पाडा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही, आणि नातीला पाण्यात उतरू देऊ नका, तुम्हीही उतरू नका. शिडीला हात लावल्यावर मुंग्या येतात म्हणजे करंट कुठून तरी लीक होतोय. ओल्या अंगाला अगदी थोडा करंटही जीव घेऊ शकतो. पाण्यातला लाइट १२ व्होल्टचा असायला पाहिजे, त्याचा ट्रान्सफॉर्मर पुलापासून लांब कोरड्या जागी, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की आपोआप लाइन तोडणारा स्विच), आणि शिडी-रेलिंगसारखं सगळं धातूचं सामान एकमेकांना जोडून अर्थिंगला घेतलेलं. यातलं काय आहे आणि काय नाही हे लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि त्याच्याकडून सही-तारखेसह लिहून घ्या, तो कागद पुढे फार उपयोगी पडणार आहे. पंपसुद्धा त्याने तपासल्याशिवाय चालू करू नका.

आता रिकामा करू का म्हणून विचारताय. पावसाळ्यात तर मुळीच नको, आणि तुमच्या केसमध्ये एरवीही नको. तुम्ही सांगता ती चार बोटं म्हणजे सहा-सात सेंटीमीटर झाले, तुमच्या पुलाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, म्हणजे १ सेंटीमीटर उतरलं की ३२० लिटर गेले, तर रोज दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातंय. हजार लिटरच्या दोन टाक्या. ते जातंय कुठं? बरंचसं तळाखालच्या मातीतच मुरत असणार. खालची माती अशी भरलेली असताना वरचं पाणी काढलं की खालचं पाणी तळाला वर ढकलतं. बाहेरचं पाणी तळापेक्षा १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन जोर वर लागतो, आणि ८ इंची काँक्रीटच्या तळाचं वजन तेवढ्याच जागेला जेमतेम अर्धा टन. भिंतींचं वजन मदतीला येतं हे खरं, पण लहान पूल सुद्धा उचलला जातो. जांबोटीच्या बाजूला एका पक्षकाराचा पूल मी स्वतः बघितलाय, जुलैत सफाईला म्हणून रात्रभर पंप लावून रिकामा केला आणि सकाळी एक कोपरा वीतभर वर आलेला, कडेचे दगड पापड मोडावा तसे मोडलेले. त्या पुलाच्या तळाला खालचा दाब सोडणारा व्हॉल्वच बसवलेला नव्हता. तुमच्या तळाला आहे का ते ठेकेदाराला लेखी विचारा, आणि काय उत्तर देतो, किंवा देतच नाही, ते जपून ठेवा.

फोडायचं तर नावच काढू नका, निदान आत्ता. तो पूल हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, दुसऱ्याकडून फोडून घेतलात की उद्या हाच ठेकेदार म्हणणार, माझं काम चांगलं होतं, नंतरच्यानं वाट लावली.

लायसनचं म्हणाल तर तुमचा पुतण्या खोटं बोलत नाही, फक्त ते तिकडचं आहे. कॅलिफोर्नियात ठेकेदारांसाठी राज्याचं वेगळं लायसन बोर्ड आहे, पूल बांधणाऱ्याला सी-५३ नावाचं वेगळं लायसन लागतं, त्याचा २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, असते, आणि काम बिघडवलं तर बोर्ड दंड करतं, लायसन सस्पेंड करतं, रद्दही करतं. आपल्याकडे खासगी पूल बांधणाऱ्यासाठी असं बोर्ड नाही. पीडब्ल्यूडीचा क्लास म्हणजे त्या माणसाला किती मोठ्या सरकारी कामाचं टेंडर भरता येतं त्याची नोंदणी. ती असली म्हणून त्याला वॉटरप्रूफिंग येतंच असं नाही. तुम्ही पीडब्ल्यूडीकडे अर्ज देत असाल तर देऊ नका असं मी म्हणणार नाही, खरं त्या अर्जावरून तुमचा पूल दुरुस्त होईल किंवा एक रुपया परत येईल या आशेवर बसू नका. मला असे लोक भेटतात जे ‘लायसन रद्द करून दाखवतो’ म्हणून दीड-दोन वर्षं या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले आणि तेवढ्यात खऱ्या ठिकाणची मुदत संपवून बसले, फार वाईट वाटतं बघून.

लायसनवर खरंच बोट ठेवता येतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वीज. वायरिंग लायसनधारक इलेक्ट्रिकल ठेकेदारानेच करायची असते आणि कर्नाटकात ते लायसन राज्याचं विद्युत निरीक्षण खातं देतं, तर तुमची वायरिंग कुणी केली, त्याचं लायसन होतं का, हे विचारून त्या खात्याकडे लेखी तक्रार करा, शिडीला करंट येतो ही गंभीर गोष्ट आहे. दुसरं म्हणजे आर्किटेक्ट, जर ड्रॉइंगवर त्याची सही असेल तर. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे त्याच्या गैरवर्तणुकीची तक्रार करता येते.

पैशाची आणि दुरुस्तीची दाद मात्र जिल्हा ग्राहक आयोगातच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिलेली रक्कम ५० लाखापर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे बेळगावातच. फी दिलेल्या रकमेवर असते, ५ ते १० लाखाला फक्त २०० रुपये. मुदत दोन वर्षं. ठेकेदार ‘बघतो, पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतो’ करत राहिला म्हणजे मुदत थांबते असं समजू नका. घर बांधून देणं ही सेवा आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सांगितलंय, त्यामुळे बांधकाम ग्राहक कायद्यात बसत नाही असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. फक्त एक विचारून ठेवते, पूल घरच्यासाठीच आहे ना? चोर्ला, जांबोटीकडे आता बऱ्याच जणांनी होमस्टे काढलेत, पूल त्यासाठी असेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ‘हा व्यापारी वापर’ म्हणून उभा राहतो. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यासाठीच फाइलमध्ये लावा.

आता पुरावा, आणि यात तुम्ही फौजेतले असल्यामुळे कमी पडणार नाही. इलेक्ट्रिशियनने पंप ठीक सांगितला की एक बादली पुलाच्याच पाण्याने भरून पुलाच्या पायरीवर ठेवा, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करा. २४ तास पंप चालू ठेवून दोन्हीकडे किती उतरलं ते मोजा, मग २४ तास पंप बंद ठेवून परत मोजा. बादलीत उतरलं ते उन्हाने गेलं, त्यापेक्षा पुलात जास्त उतरलं ते गळतीने. पंप चालू असताना जास्त जात असेल तर पाइपात गडबड असण्याची शक्यता मोठी, दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर काँक्रीट किंवा फिटिंगच्या कडा. सुटलेल्या टाइलपाशी, लाइटच्या खोबणीपाशी रंगाचे चार थेंब अलगद सोडले की रंग आत ओढला जाताना डोळ्याला दिसतो, त्याचा व्हिडिओ घ्या. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवून रोज वहीत लिहा, नाहीतर टाइल्स तुमच्या केमिकलने सुटल्या असं तो म्हणणारच.

‘जमीन बसली’ या बहाण्याबद्दल थोडं. जमीन बसली असेल तर ती कशी बसणार हे आधी बघणं त्याचंच काम होतं. पाणी साठवायच्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हे स्टँडर्ड आहे, त्यात कमीत कमी एम-३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) सांगितलाय. तुमच्या पुलात काय ग्रेड टाकला, टाइल लावायच्या आधी पाणी भरून टेस्ट घेतली का, हे ठेकेदाराला पाठवायच्या नोटिशीत स्पष्ट विचारा. बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजं बरीच आहेत, एखाद्या कॉलेजच्या सिव्हिल विभागाकडून किंवा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रिपोर्ट घ्या, आणि तक्रारीसोबतच आयोगाला कमिशनर नेमून पाहणी करा म्हणून अर्ज द्या.

राहिलेले १ लाख ८० हजार गप्प बसून अडवू नका. दोष काय आहेत म्हणून अडवलेत हे रजिस्टर्ड पोस्टाने कळवा, दुरुस्तीला ठरावीक दिवस द्या, आणि कराराची, बँकेच्या एंट्रीची झेरॉक्स ठेवा. रोख दिलेल्याची पावती नसेल तर व्हॉट्सअपवर त्याने कुठे ‘मिळाले’ लिहिलंय का बघा, पण मोबाइलमधले मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि आपल्या भागात हमखास राहून जातं ते हे, करार आणि मेसेज मराठीत असतील तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून जोडा, आयोगाचं काम त्या भाषांत चालतं. त्याने बोर्डावर लिहिलेलं लायसन खरंच आहे का तेही मागून घ्या, बोर्डाचा फोटो काढा. नसेल तर खोटं सांगून गिऱ्हाईक ओढलं हा वेगळा मुद्दा होतो, अनुचित व्यापार प्रथेचा.

आयोगाने हुकूम दिला आणि त्याने पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही ज्याला लायसन रद्द म्हणताय त्यापेक्षा ठेकेदार याला जास्त बिचकतात, हे माझं बघितलेलं आहे.

प्रश्न : आम्ही बेळगावात अनगोळच्या एका अपार्टमेंटमध्ये राहतो, बिल्डरने ताबा देऊन तीन वर्षं झाली, कॉमन स्विमिंग पुलाच्या भिंतीला आता भेगा पडल्यात. बिल्डर म्हणतोय मेंटेनन्स तुमचा. असं असतं का हो ताई?

उत्तर : नाही, तुमचा रस्ता सुभेदारसाहेबांपेक्षा सोपा आहे. प्रोजेक्ट रेरामध्ये (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) रजिस्टर असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला की बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मेंटेनन्स म्हणजे फिल्टर, केमिकल, सफाई, भिंतीची भेग त्यात येत नाही. ताबापत्राची तारीख आधी शोधा, सगळ्या सभासदांच्या सह्यांनिशी बिल्डरला लेखी कळवा, पोहोच घ्या, आणि तीस दिवस झाले की कर्नाटक रेराकडे ऑनलाइन तक्रार टाका. भेगेच्या शेजारी स्केल पट्टी धरून दर पंधरा दिवसांनी फोटो काढत राहा, भेग वाढतेय की नाही ते त्यावरून कळतं.