बोर्ड एकत्र मागवताना

सगळ्यांच्या बोर्डांची (अर्डुइनो नॅनो, रास्पबेरी पाय पिको असे प्रोग्राम करायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ऑर्डर पहिल्यांदाच अंगावर घेतोयस, तर आधी पैसे जमा कर, मगच नग सांग. दहा जण असतील तर बारा मागव, एखादा बोर्ड मेलेला निघतोच. नॅनोवर सीएच३४० ही यूएसबीची चिप असेल तर तिचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर आधीच टाकून ठेवायला सांग. पिना सोल्डर केलेलेच बोर्ड घे. नवख्याच्या हाती सुट्या पिना दिल्या की बोर्ड खोक्यातच पडून राहतो. साधा नॅनो ५ व्होल्टचा, पिको ३.३ चा, सेन्सर त्याप्रमाणे बघ.

आणि आपल्या रत्नागिरीची खारी हवा विसरू नकोस रे! माझा एक बोर्ड पावसाळाभर खिडकीत उघडा राहिला, पिनांच्या मुळाशी हिरवट थर चढला. पार्सल आलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. केबल डेटावाली घे, नुसती चार्जिंगची नको.