फी घेण्याआधी ‘नाही’ म्हणणारं ऑफिस शोधा

ताई, मुलगी दापोलीतून बारावी झाली, नीट परीक्षेत पात्र आहे, एमबीबीएसच्या सरकारी सीटची आशा कमी, आणि चिपळूणच्या सेमिनारमध्ये एजंटने जॉर्जियातली दोन मेडिकल कॉलेजं दाखवली. त्यातलं कुठलं ॲडमिशन ऑफिस मुलांशी सरळ वागतं, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथे जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलीसीत असलो तरी नाव सांगणार नाही. ऑफिसातली माणसं बदलतात, आणि गेल्या वर्षी चांगलं असलेलं ऑफिस यंदा तसंच असेल याची खात्री नसते. घरबसल्या पारख कशी करायची ते सांगतो.

एजंटला बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या वेबसाइटवरच्या अधिकृत पत्त्यावर मुलीच्या नावाने थेट ईमेल करा. ‘तुमच्या भागाचं काम अमुक एजंट बघतो, त्यालाच विचारा’ एवढंच उत्तर आलं तर त्या ऑफिसला अर्जदार नकोय, गिऱ्हाईक हवंय. चांगलं ऑफिस स्वतः उत्तर देतं, खाली माणसाचं नाव आणि हुद्दा असतो, आणि विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर असतं. नुसतं ब्रोशर जोडलेलं ईमेल म्हणजे उत्तर नव्हे.

पहिला प्रश्न अभ्यासक्रमाच्या महिन्यांचा. एनएमसीच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, त्यावर वेगळी 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं, आणि प्रवेशापासून 10 वर्षांत सगळं पुरं व्हायला हवं. भारतात परतल्यावर आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप असते ती निराळी. जॉर्जियात कोर्स सहा वर्षांचा सांगतात. म्हणून नेमकं असं विचारा: ‘सहा वर्षांत 54 महिने शिक्षण आणि 12 महिने इंटर्नशिप अशी विभागणी ट्रान्सक्रिप्टवर वेगवेगळी दिसते का? इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात होते?’ चांगलं ऑफिस सेमिस्टरवार तक्ता पाठवतं, हॉस्पिटलांची नावं देतं. ‘पूर्णपणे एनएमसीनुसार’ एवढ्या एका वाक्यावर भागवणाऱ्याला पुन्हा विचारा, आणि तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर ते कॉलेज सोडून द्या.

बॅनरवर ‘एनएमसी अप्रूव्ह्ड’ असं छापलं असेल तर त्यात दम नाही. एनएमसी परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही. नियम पाळले जातात की नाही, हे बघायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. आणि ‘पहिलं वर्ष स्वस्त कॉलेजात काढा, मग बदली करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नका. सगळं शिक्षण, ट्रेनिंग आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत हवी, असं त्याच नियमांत आहे.

दुसरा प्रश्न परवान्याचा, आणि इथेच ऑफिसची नियत कळते. पदवी मिळाल्यावर त्या देशाच्या नागरिकाइतकाच तिथे प्रॅक्टिसच्या परवान्याला विद्यार्थी पात्र हवा, अशी एनएमसीची अट आहे. जॉर्जियात स्वतंत्र प्रॅक्टिससाठी पदवीनंतर रेसिडेन्सी आणि सरकारी परीक्षा लागते. प्रामाणिक ऑफिस हे लपवत नाही. परकीय विद्यार्थ्याला त्या वाटेने जाता येतं का, हे लेटरहेडवर लिहून देतं. शिवाय सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश थांबवण्याचं धोरण इथल्या सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये मांडलंय. कॉलेज सरकारी असेल तर या वर्षी प्रवेश खरंच चालू आहेत का आणि कशाच्या आधारावर, हेही लेखी घ्या.

आता एक खूण. ऑफिस नीटचं स्कोअरकार्ड स्वतःहून मागतं का ते पाहा. इथल्या कॉलेजला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, पण नीटची पात्रता नसेल तर मुलाला पुढे एफएमजीईला, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेला, बसता येणार नाही. ती परीक्षा 300 गुणांची असते, 150 ला पास. नीटचं स्कोअरकार्ड आधी तपासून ‘तुमच्या मुलाला घेता येणार नाही’ म्हणणारं ऑफिस फी सोडून विद्यार्थ्याचं बघतंय. एफएमजीईचे कॉलेजवार आकडे ती परीक्षा घेणाऱ्या एनबीईएमएस या मंडळाच्या वेबसाइटवर येतात, ते समोर ठेवून प्रश्न विचारा. ‘आमचा निकाल शंभर टक्के’ असं कुणी म्हटलं तर किती जण बसले होते ते विचारा.

पैशाचं बोलतो. आपल्या राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (प्रवेशाच्या) फेऱ्या लांबतात आणि इकडचं सत्र शरदात सुरू होतं, त्यामुळे एजंट ‘गणपतीआधी पैसे भरा, सीट जाईल’ असा धोशा लावतो. रत्नागिरी, ओरोस, अलिबागची सरकारी कॉलेजं, डेरवण आणि पडव्याची खासगी, यांच्या पुढच्या फेऱ्यांत नाव लागलं तर इथली रक्कम परत मिळेल का? किती कापून, किती दिवसांत, कुठल्या तारखेपर्यंत कळवल्यास? व्हिसा नाकारला तर काय? तारीख आणि रक्कम नसलेलं रिफंडचं आश्वासन मोजू नका. पैसे कॉलेजच्याच नावाच्या खात्यात, इन्व्हॉइस आणि स्विफ्ट कोडवर पाठवा, एजंटच्या खात्यात नाही. पतसंस्थेतून हे जमणार नाही. परकीय चलनाचं काम करणारी बँक शाखा गाठा. मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर) लागत नाही, म्हणून कर्ज काढणार असाल तर आधी मंजूर करून घ्या.

कागदांत मुलं अडकतात ती नावामुळे. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि सावंत कुठे डब्ल्यूने तर कुठे व्हीने. चांगलं ऑफिस स्कॅन बघूनच सांगतं, ‘हे दोन जुळत नाहीत, आधी सुधारा’. बेफिकीर ऑफिस ऑफर लेटर काढून मोकळं होतं, आणि घोळ व्हिसाच्या वेळी उघड होतो. मार्कशीटमधली दुरुस्ती कॉलेजमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जाते, वेळ खाते. ती झाल्यावरच मंत्रालयातलं राज्याचं प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) करा, नाहीतर दोन्ही पुन्हा. अपॉस्टिल नेमलेल्या एजन्सीमार्फतच होतं. सरकारी फी कागदामागे 50 रुपये, वर एजन्सीचा सेवा आकार. ‘डॉक्युमेंट पॅकेज’च्या नावाखाली हजारो मागितले तर हिशेब मागा.

मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायचे, परत घ्यायचे. ‘सुरक्षित राहतील’ म्हणून ठेवून घेणारा माणूस पुढे मुलीला दुसरीकडे जायचं झालं तर तेच कागद अडवतो.

जॉर्जियाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं, तेव्हा फोन करायचा तर दुपारी दोननंतर करा. पण फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने ‘असं बोलणं झालं’ म्हणून पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं लेखी उत्तर मागा. दोन्ही कॉलेजांना एकच ईमेल एकाच दिवशी पाठवा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून वाचता येतील.