समुद्रावर वापरलेली फिशिंग रील खरखरायला लागली आहे, घरच्या घरी साफ कशी करू?

प्रश्नात तुम्ही म्हटलंय की ४००० साइजची स्पिनिंग रील आहे, पाच-सहा वेळा समुद्रावर नेली, दर वेळी घरी आल्यावर रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, तरीही खरखर सुरू झाली. मला वाटतं, बुडवली म्हणूनच झाली. माझी पहिली रील मी अगदी याच पद्धतीने घालवली.

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी मी बरीच वर्षं गरवतोय, म्हणजे गळाने मासे धरतोय. सुरुवातीला वाटायचं, जितका वेळ गोड्या पाण्यात तितकं मीठ जास्त सुटणार. सुटतंही, पण सुटलेलं मीठ बादलीतच राहतं आणि ते खारट पाणी रोटरखालून (रोटर म्हणजे लाईन गुंडाळत फिरणारा पुढचा भाग), हँडलच्या भोकातून सावकाश आत शिरतं. साध्या रीलमध्ये त्याला अडवायला सील नसतात. एकदा आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये अडकतं. मी बाजूची प्लेट उघडली तेव्हा ग्रीसचा पांढरट लगदा झाला होता आणि बेअरिंग तपकिरी पडलं होतं. पाइप लावून जोरात फवारा मारणाऱ्यांचंही हेच होतं, फक्त लवकर.

आता मी असं करतो. घरी आलो की आधी ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन किती ताणाला सुटावी ते ठरवणाऱ्या ब्रेकचा, नॉब घट्ट आवळतो, म्हणजे पाणी ड्रॅगच्या वॉशरपर्यंत जात नाही. रील रॉडवरच ठेवून नळाच्या बारीक धारेखाली अर्धा-एक मिनिट धरतो. या वेळात हँडल फिरवत नाही. मग झटकून, जुन्या सुती फडक्याने पुसून सावलीत ठेवतो. सुकली की ड्रॅग पुन्हा ढिला करायचा. हे विसरलात तर आतले फेल्टचे वॉशर दाबून चपटे होतात आणि पुढच्या वेळी मासा लागल्यावर लाईन झटके देत सुटते. पाणी मात्र खरंच गोडं हवं. खाडीकाठच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ज्या पाण्याचा चहा बिघडतो त्या पाण्याने रील धुऊ नका.

धुणं आळसाने उद्यावर ढकलू नका, कारण मीठ सुकलं म्हणजे शांत झालं असं नसतं. पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच रीलवर होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत कपाटात ठेवलेली, दिसायला कोरडी असलेली रील आतून कुजत राहते. अॅल्युमिनियमला पोलादी स्क्रू लागलेला असतो तिथे पांढरी भुकटी दिसू लागली, तर ही सुरुवात झाली असं समजा.

आता तुमच्या खरखरीकडे वळू. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कान लावा. हँडल अगदी हळू फिरवा आणि एका फेरीत आवाज किती वेळा येतो ते मोजा. रीलवर ५.२:१ असं काहीतरी छापलेलं असेल, म्हणजे हँडलच्या एका फेरीत रोटर पाचपेक्षा थोडा जास्त फिरतो. टक् एकदाच येत असेल तर दोष हँडलकडच्या मोठ्या गिअरमध्ये किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये आहे. पाचेक वेळा येत असेल तर रोटर, त्याला फिरवणारा छोटा पिनिअन गिअर किंवा तिथलं बेअरिंग. रिकामी फिरवताना गप्प आणि लाईनला वजन लावून ओढताना खरखर, असं असेल तर संशय लाईन रोलरवर.

लाईन रोलर म्हणजे बेलच्या (रोटरवरच्या उघडझाप होणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाचं ते बारीक चाक. प्रत्येक वेळी ओली लाईन त्याच्यावरूनच येते, त्यामुळे सगळ्यात आधी तेच जातं, आणि लोक सगळी रील खोलतात पण त्याच्याकडे बघत नाहीत. लाईन बोटांनी ताणून त्याच्यावरून पुढे-मागे ओढून बघा. चाक फिरत नसेल तर लाईनला पीळ पडतो आणि ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन चाकात खाच पाडते. एकच स्क्रू असतो. काढा, पुसा, बेअरिंग असेल तर ते बाटलीच्या झाकणात थोडं पेट्रोल घेऊन त्यात हलवा (अंगणात, चुलीपासून लांब), पूर्ण सुकू द्या, थेंबभर तेल घालून परत बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बोटावर फिरवून अजूनही खडे लागत असतील तर ते बेअरिंग बदलायचंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजली की त्याच मापाचं मिळतं.

तरीही थांबली नाही तर मग बाजूची प्लेट. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. सुटे भाग मी इडलीपात्रात क्रमाने ठेवतो, पहिल्या खळग्यात पहिला स्क्रू, असं. (घरच्यांनी आता जुनं इडलीपात्र मलाच देऊन टाकलंय.) मोठ्या गिअरच्या दांड्यावर कागदासारखी पातळ चकती असते. ती ग्रीसला चिकटून फडक्याबरोबर निघून जाते आणि मग रील कधीच पहिल्यासारखी बसत नाही. जपानी रीलचे स्क्रू नेहमीच्या स्टार ड्रायव्हरने घसरतात, नेमका बसणारा घ्या. काही रीलमध्ये रोटरचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून हलला नाही तर आधी दुसरीकडे फिरवून बघा, जोर नंतर. डायवा कंपनीची मॅगसील्ड रील असेल तर खोलूच नका. त्यात चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल असतं, ते घरी परत बसवता येत नाही.

आतलं जुनं ग्रीस कापसाच्या काडीने आणि थोड्या रॉकेलने किंवा पेट्रोलने काढा, नवं ग्रीस जुन्या टूथब्रशने गिअरच्या दातांवर हलकेच लावा. बंदराजवळ बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात पाण्याने न धुपणारं ग्रीस मिळतं, ते चांगलं. डबा भरल्यासारखं ठासू नका, रील जड होते.

तेलाबाबत कोकणात एक खास चूक होते, ती म्हणजे खोबरेल. घरात असतं, हाताला लागतं, दोन दिवस रील लोण्यासारखी फिरतेही. पण डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं आणि काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं. डब्ल्यूडी-४० सुद्धा वंगण म्हणून मारू नका, ते असलेलं ग्रीसच धुऊन काढतं. जाम झालेला स्क्रू सोडवायला तेवढं ठेवा.

एका ठिकाणी मात्र ग्रीस अजिबात लागू देऊ नका. रोटरखाली एक क्लच असतो, हँडलला उलटं फिरू न देणारा. त्यात बारीक रोलर असतात आणि ते घर्षणावर चालतात. मी एकदा उत्साहाने तिथेही ग्रीस भरलं. पुढच्या भरतीला तांबोशी लागली, तिने खडपाकडे धाव घेतली आणि हँडल उलटं गरागरा फिरून माझ्या बोटांवर आपटलं. बोटं आठवडाभर काळीनिळी होती, तांबोशी अर्थातच गेली. तो क्लच पुसून कोरडा करायचा, लावलंच तर पातळ तेलाचं नावापुरतं बोट.

ब्रेडेड लाईन असेल तर ती स्पंजसारखं खारं पाणी धरून ठेवते. दोन-तीन महिन्यांनी लाईन काढून स्पूलची (लाईन गुंडाळलेल्या रिळाची) खालची धातूची बाजू पुसायला हवी, नाहीतर तिथेच पापुद्रे सुटतात. मी पावसाळ्यात, गरवणं बंद असतं तेव्हा, हे काम करतो आणि लाईन उलटी करून भरतो, म्हणजे आतलं न वापरलेलं टोक बाहेर येतं.

तुम्ही आज खोलू नका. लाईन रोलर बघा, हँडलच्या एका फेरीत आवाज किती वेळा येतो ते मोजा आणि रीलचं मॉडेल लिहून कळवा. कदाचित खोलायची वेळच येणार नाही. आणि ती बादली मासे ठेवायला ठेवा.